माझ्या अंगठ्याची कीर्ती

२ मार्च, सोमवार

ही वही नवऱ्यानं आणली. "जेवताना मला जे जे सांगतेस ते आधी हिला सांग, उरलंसुरलं मला," म्हणाला. म्हणजे त्याला सुखानं चार घास खायचे आहेत, भेट आपली नावाला. हरकत नाही. वही कोरी आहे, तिला काहीच माहीत नाही, तेव्हा मुळापासून सांगते. नवऱ्यालाही अजून सगळं कळलेलं नाही, पण तो निदान मान तरी डोलावतो.

आम्ही कर्करोगाचं औषध करतो. औषध तसं जुनंच, पण जालीम. त्याची खोड अशी की ते गाठीबरोबर केस, जीभ, आतडी, जे समोर येईल ते झोडपत सुटतं. म्हणून आम्ही त्याला चरबीच्या इवल्याशा गोळीत कोंडतो आणि गोळीच्या अंगावर गाठीचा पत्ता चिकटवतो. गोळी रक्तातून हिंडते, वाटेत कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि गाठीच्या पेशी भेटल्या की आत शिरून पुडी सोडते. निदान उंदरांत तरी तसं होतं. गोळी केवढी, तर केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक. आमच्या मापात नव्वद. नव्वदच्या आसपास आली तर सोनं. दीडशेच्या घरात गेली की यकृत तिला वाटेतच धरतं, आणि आमची चार वर्षांची मेहनत यकृताच्या घशात.

रीत सोपी आहे. चरबी आणि औषध स्पिरिटमध्ये विरघळवून छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. बाटली काढायची, गारठा जाऊन खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, सिरिंजमध्ये ओढायची आणि गरगर फिरणाऱ्या खाऱ्या पाण्यात अंगठ्यानं एका दमात सोडायची. गोळ्या आपोआप बनतात. मग एक थेंब मापयंत्रात टाकला की यंत्र आकडा दाखवतं, आणि आम्ही सगळे परीक्षेचा निकाल लागल्यासारखे त्याच्याकडे बघतो.

आता गंमत. मी केलं की नव्वद. दुसऱ्या कुणीही केलं की दीडशे. तीच बाटली, तेच पाणी, तीच सिरिंज. सगळ्यांचं एकमत झालंय की करामत माझ्या अंगठ्याची आहे. "तुझ्या हाताला गुण आहे," मोठ्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी "छे छे" म्हटलं आणि घरी येईपर्यंत हवेत होते.

५ मार्च, गुरुवार

दवाखान्यातले डॉक्टर आले होते. माणसांवरची पहिली चाचणी त्यांच्याकडे व्हायची आहे. पहिली रुग्ण ठरली आहे म्हणे. एका शाळेत मुलांना कवायत शिकवतात. नाव सांगायला बंदी आहे, आणि बहुतेक हेही सांगायला होती, पण डॉक्टरांच्या पोटात काही राहत नाही. आम्ही त्यांना पीटीच्या बाई म्हणायला लागलो.

मागच्या खेपेला हेच औषध, उघडं, जुन्या पद्धतीनं घेतलं तेव्हा पीटीच्या बाईंना पाण्याचासुद्धा वास सोसत नव्हता. नवऱ्याचा दंड धरून दवाखान्यातून बाहेर पडायच्या आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत दोनदा खाली बसायच्या. आता गाठ पुन्हा उठली आहे आणि ते औषध परत घ्यायला त्या साफ नाही म्हणतात. "आपलं मात्र घ्यायला तयार आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण एप्रिलच्या मध्यापर्यंत माझ्या हातात पडायला हवं. त्यानंतर त्या चाचणीच्या नियमात बसणार नाहीत. आणि गाठ काही आपल्यासाठी थांबायची नाही."

माणसाला द्यायचं औषध माझ्या टेबलावर करून चालत नाही. ते खालच्या मजल्यावरच्या निर्जंतुक खोलीत यंत्रावर व्हायला हवं, आणि ते यंत्र चालवतो पहिलवान. म्हणजे व्यायाम करून दारात न मावणारा, आवाजानं मात्र मुंगीलाही न दुखावणारा आमचा सहकारी. त्याच्या हातून लागोपाठ तीन घाणे नव्वदच्या आसपास यायला हवेत. मग जंतूंच्या तपासणीला दोन आठवडे. मागे मोजत आलं तर मार्च संपायच्या आत सगळं जमायला हवं.

पहिलवानाचा आजचा आकडा: एकशे छप्पन्न.

९ मार्च, सोमवार

आज माझा एक्क्याण्णव. पाट्या टाकल्यासारखं काम केलं तरी एक्क्याण्णव! खरं तर आज माझं अर्धं लक्ष आईकडे होतं.

आई दुसऱ्या गावी एकटी असते आणि रोज सकाळच्या चहानंतर मला फोन करते. नेमकी माझी बाटली फ्रिजबाहेर काढायची वेळ. आत फोन न्यायला बंदी आहे, म्हणून फोन एप्रनच्या खिशात आणि कानातलं बिनतारी बटण टोपीखाली. शंकासुराला कळलं तर माझी खैर नाही. शंकासूर म्हणजे आमचा गुणवत्ता अधिकारी. त्याला सूर्य पूर्वेला उगवतो यावरही सही-शिक्का हवा असतो.

आई वयाच्या सत्तराव्या वर्षी पोहायला शिकते आहे. तलावाच्या भिंतीला दोन्ही हातांनी धरून पाय मारते, पण भिंत सोडायचं नाव नाही. "शिकवणारी पोरगी म्हणते, आजी, सोडा. मी म्हटलं, तू आधी लग्न कर, मग मी भिंत सोडते." मला हसू आवरेना. ती बोलत होती तोवर मी बाटली मुठीत घेऊन खिडकीशी उभी होते. रिकामा हात मला जमतच नाही, काहीतरी धरायला लागतं. आईचं संपल्यावर सिरिंज भरली, अंगठा दाबला, एक्क्याण्णव.

पहिलवान बिचारा किती शिस्तीचा. बाटली काढतो, स्टँडवर ठेवतो, घड्याळ लावतो, मधल्या वेळात तिला बोटसुद्धा लावत नाही. आणि आकडा एकशे अठ्ठेचाळीस. शेवटी शिस्त वेगळी आणि हात वेगळा.

११ मार्च, बुधवार

खरं लिहायचं तर इथंच लिहावं. आज पहिलवानाचा एकशे साठ आला आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. "बघा, माझ्याशिवाय होत नाही" असं काहीसं आलं. मग पीटीच्या बाई आठवल्या आणि स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली म्हणजे मी अगदीच वाया गेलेली नाही.

पहिलवान म्हणाला, "ताई, माझा अंगठाच जाड आहे हो." मी म्हटलं, अरे तू यंत्रावर करतोस, तिथं अंगठा लागतो कुठे? तो म्हणाला, "तेच ना. यंत्राला तुमचा अंगठा कसा आणायचा?"

हे मोठ्या मॅडमनी ऐकलं.

१३ मार्च, शुक्रवार

ठरलं. माझ्या अंगठ्याचं चित्रीकरण होणार. मंगळवारी कॅमेरा येईल, अंगठा किती वेगानं दाबतो, कुठं थबकतो, सगळं मोजणार आणि यंत्राला तेच शिकवणार. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अंगठ्याला मेकअप लागेल का?" 

जबाबदारी मोठी आहे. म्हणून आज आईला सांगितलं की महिनाभर सकाळचा फोन करू नको. "अगं, एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे, माझं लक्ष विचलित होतं." जरा तोडूनच बोलले बहुतेक. आई म्हणाली, "बरं." एवढंच. आई आणि एका शब्दात! मला वाटलं होतं ऐकवेल चार गोष्टी. समजूतदार आहे माझी आई.

१७ मार्च, मंगळवार

काय सांगू. मोठा दिवा, कॅमेरा, तिवई, आणि सगळी प्रयोगशाळा भोवती गोळा. शंकासूर कोपऱ्यात हाताची घडी घालून. कॅमेरावाला म्हणाला, बाटली स्टँडवर दिसेल अशी ठेवा, डावा हात चौकटीत येतोय, तो मागे घ्या. मी घेतला. घड्याळ लावलं, वाट पाहिली, सिरिंज भरली आणि अंगठा दाबला. अंगठ्यानं आयुष्यात एवढं सुंदर काम केलं नसेल.

एकशे बावन्न.

पहिलवान म्हणाला, "कॅमेऱ्यासमोर मलाही सुधरत नाही, ताई." मोठ्या मॅडम म्हणाल्या, दडपण आलं असेल, उद्या कॅमेऱ्याशिवाय कर. शंकासुरानं आकडा नुसता टिपून घेतला आणि तेच जास्त लागलं.

१८ मार्च, बुधवार

कॅमेऱ्याशिवाय. भोवती कुणी नाही, फोन नाही, डोळ्यांत तेल घालून पहिलवानासारखी शिस्तीत सगळं केलं. एकशे एकोणपन्नास.

तोंडचं पाणी पळालं.

२० मार्च, शुक्रवार

परत तेच. एकशे पंचावन्न. म्हणजे गुण गेला. कुठं गेला, का गेला, काही पत्ता नाही. पाणी बदलून पाहिलं, सिरिंज बदलली, अगदी सपाता बदलल्या. अंगठा चोळून पाहिला, शेकून पाहिला. नवऱ्यानं तो हातात घेऊन गंभीरपणे निरखला आणि म्हणाला, "मला तर पूर्वीसारखाच वाटतो." हसले नाही तेव्हा उठून त्यानं चहा केला. मग विचारलं, "सासूबाईंशी बोललीस?" मी म्हटलं, तुला काही काळवेळ कळत नाही. इथं आकडे घसरलेत आणि तू आईचं काय काढतोस.

आईला संध्याकाळी संदेश पाठवला होता: कशी आहेस? उत्तर आलं: ठीक. 

पोहण्याचं काय? 

चाललंय.

पाच-पाच मिनिटं एका वाक्यावर घोळणारी बाई. कामात असेल.

२३ मार्च, सोमवार

खाली यंत्राला माझा अंगठा शिकवला. जुन्या चांगल्या दिवसांतला नाही, चित्रीकरणातला, कारण दुसरा उपलब्धच नाही. यंत्रानं तो हुबेहूब उचलला आणि आकडाही हुबेहूब आला, एकशे बावन्न. पहिलवान डोक्याला हात लावून बसला. एवढा मोठा माणूस असा बसला की बघवत नाही.

डॉक्टरांचा फोन आला. पीटीच्या बाईंनी विचारलंय, कधी. आणि त्या म्हणाल्यात की औषध आलं नाही तर त्या रजा टाकून सरळ समुद्रकिनारी जाऊन राहतील, दुसरं काही घेणार नाहीत. डॉक्टर हसत सांगत होते पण आवाज हसत नव्हता. मोठ्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत बघू, नाही जमलं तर मी त्यांना स्पष्ट कळवते.

मी चार वर्षं ज्याला कौशल्य म्हणत होते तो निव्वळ योगायोग असेल तर? अशा वेळी माणूस काय करतं? मी कपाट आवरलं.

२४ मार्च, मंगळवार

जेवताना बोलले नाही. नवरा म्हणाला, "वहीला सगळं देऊन टाकलंस वाटतं." मग थोड्या वेळानं, "आज किती?" मी म्हटलं, एकशे पन्नास. "आणि शुक्रवारी पंचावन्न, त्याच्या आधी एकोणपन्नास," तो म्हणाला. म्हटलं, तुला कसे पाठ? तो म्हणाला, "तूच सांगतेस ना रोज." गमतीदार आहे हा माणूस. ऐकत नाही ऐकत नाही म्हणता आकडे मात्र लक्षात ठेवतो.

मग ताट उचलता उचलता म्हणाला, "उद्या सासूबाईंना फोन कर. कामाचं म्हणून नको. असाच."

२५ मार्च, बुधवार

आज इतकं घडलंय की क्रमानं लिहायला हवं.

सकाळी बाटली काढली. तिच्याकडे बघून इतका कंटाळा आला की म्हटलं, दीडशे यायचाच आहे तर आईशी बोलून तरी घ्यावं. मीच लावला फोन. आई म्हणाली, "बोल. महत्त्वाचं आहे का?" साहेबानं कारकुनाला विचारावं तसं. मी म्हटलं, "काही नाही, तुझी आठवण आली." पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी भिंत सोडली."

"काय? कधी?"

"झाले की आठ-दहा दिवस. सोडली, आणि पलीकडच्या काठाला गेले. नाकातोंडात पाणी गेलं, पण गेले. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणालीस ना फोन करू नको. जावयांना सांगितलं. त्यांचा येतो रोज फोन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई पहिल्यांदा पाण्यावर तरंगली आणि मला माहीत नाही! मी म्हटलं, आई, चुकलं माझं, तू रोज कर फोन. मग तिचा बांध फुटला. पंधरवड्याचं सगळं साठलेलं. शिकवणारी पोरगी, तिचा ठरलेला मुलगा, तलावातल्या पाण्याला येणारा औषधाचा वास, तिच्या पोहण्याच्या टोपीचा रंग. मी खिडकीशी उभी राहून हसते आहे, डोळे पुसते आहे, आणि मागे वळून बघते तर दारात शंकासूर.

(नवरा आईला रोज फोन कशाला करतो, हे मात्र अजून कळलं नाही.)

शंकासूर म्हणाला, "फोन?" टोपीखालून आईचा आवाज बारीक येत होता, "कोण आहे गं?" मी म्हटलं, आई, ठेवते. काहीतरी करायला हवं म्हणून घाईघाईनं सिरिंज भरली, दाबली, थेंब यंत्रात टाकला. शंकासूर माझ्या खांद्यामागून आकडा बघत होता.

नव्वद.

दोघंही त्या आकड्याकडे बघत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "दुपारी माझ्या खोलीत या. फोन घेऊन."

मला वाटलं, नोकरी गेली. गेले तर त्यानं टेबलापलीकडे बसवलं आणि म्हणाला, सकाळी दारातून आत आल्यापासून काय काय केलंत, एकही गोष्ट न गाळता सांगा.

"एप्रन घातला. फ्रिज उघडला. बाटली काढली. आईला फोन लावला."

"मग?"

"मग आई बोलली."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकलं."

"ऐकताना हात कुठे होते?"

"हात? हातांचं काय?"

तो नुसता माझ्या मांडीकडे बघत राहिला. मी खाली पाहिलं. त्याच्या टेबलावरची टाचण्यांची डबी माझ्या डाव्या मुठीत होती. कधी उचलली, देवाशपथ आठवत नाही. त्यानं हात पुढे केला, डबी घेतली आणि आपल्या गालाला लावली. एवढा कडक माणूस गालाला टाचण्यांची डबी लावून बसलेला मी कधी विसरणार नाही.

"गरम आहे," तो म्हणाला.

२६ मार्च, गुरुवार

आज सकाळपासून आम्ही तिघं, मी, पहिलवान आणि शंकासूर, दिवा घेऊन बसलो होतो. बाटली फ्रिजमधून काढली, स्टँडवर ठेवली, नियमात लिहिलंय तसं खोलीच्या तापमानाला आणली. बघायला अगदी नितळ. मग शंकासुरानं खोली अंधारी करून एका बाजूनं झोत टाकला, तर आत धुरकट धूसर काहीतरी तरंगत होतं. चरबी पुरती विरघळलेलीच नव्हती! डोळ्याला दिसणार नाही इतके बारीक गठ्ठे. त्यांच्यापासून गोळ्या मोठ्याच होणार. मग मी बाटली मुठीत धरली. आईशी बोलते तेवढा वेळ. पुन्हा झोत टाकला. काही नाही. आरपार.

म्हणजे अंगठ्याचा काही संबंधच नव्हता. नव्वद माझ्या डाव्या मुठीत बनत होता आणि उजव्या अंगठ्याचे सत्कार चालले होते. "खोलीच्या तापमानाला आणावे" ही ओळ नियमात कुणी लिहिली? मीच. चार वर्षांपूर्वी. आणि रोज तिच्याच विरुद्ध वागत होते, बाटली मुठीत उबवत.

पहिलवान इतका हसला की खुर्ची करकरली. शंकासूर हसला नाही, पण त्यानं विचारलं, "तुमच्या आई साधारण किती वेळ बोलतात?" मी म्हटलं, त्याला काही प्रमाण नाही. तो म्हणाला, "मग कोमट पाण्याचं भांडं वापरू. अंगाच्या तापमानाला, झोतात स्वच्छ दिसेपर्यंत."

फोनबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. त्याशिवाय नवा नियम पुढे सरकणार नाही म्हणे, बदलाचं कारण लिहावं लागतं. मी कारण लिहिलं: आईशी बोलत होते. त्यानं वाचलं, सही केली आणि म्हणाला, "पुन्हा आत फोन दिसला तर मी विचारणार नाही की तुमच्या आई काय म्हणाल्या." मी कानाला खडा लावला. जाता जाता मात्र थबकला. "पोहता येतं का आता त्यांना?" याला कसं कळलं? दारात किती वेळ उभा होता हा?

आईला दुपारी बाहेरच्या बाकावरून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी औषध करत होते!" आता सगळ्या तलावाला कळणार.

२७ मार्च, शुक्रवार

पहिलवान, खालची खोली, कोमट पाण्याचं भांडं. अठ्ठ्याऐंशी.

त्यानं मला उचललंच. खरोखर, जमिनीवरून. निर्जंतुक खोलीच्या बाहेर, हे बरं.

३० मार्च, सोमवार

ब्याण्णव. तिसरा उद्या.

३१ मार्च, मंगळवार

नव्वद. तीन लागोपाठ. जीव भांड्यात पडला. मोठ्या मॅडमनी केक मागवला, डॉक्टरांना कळवलं, आणि पहिलवानासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात. मॅडम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता तू नसलीस तरी होतं, बघ!" कौतुकानंच म्हणाल्या.

स्वच्छतागृहात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार वर्षं लोक माझ्याकडे यायचे, "जरा तुझ्या हातानं करून दे" म्हणत. उद्यापासून एक कोमट पाण्याचं भांडं माझी जागा घेणार, आणि तेही माझ्यापेक्षा शिस्तीनं.

घरी नवऱ्याला सांगितलं, जेवताना, वहीच्या आधी. तो म्हणाला, "तू नसलीस तरी होतं म्हणजे पीटीच्या बाईंच्या नंतर दहा जणींनाही होईल. तुझ्या एका मुठीत किती बाटल्या मावणार होत्या?" याला कधी कळलं हे सगळं? मग म्हणाला, "माझं मात्र तू नसलीस तर होत नाही. आमटीत मीठ किती ते अजून विचारावं लागतं." एवढा प्रेमळ माणूस, पण बोलणं नेहमी मिठावर आणून सोडतो.

६ एप्रिल, सोमवार

नुसतं थांबणं. जंतूंच्या तपासणीत रोज काचेच्या ताटल्यांत डोकावायचं आणि काही उगवलं नाही म्हणून खूश व्हायचं. शेतकऱ्याच्या नेमकं उलट काम. शंकासूर दिवसातून दोनदा जातो. आईचा फोन आता जेवणाच्या सुट्टीत, बाकावर. ती उताणं तरंगायला शिकते आहे. "आकाश दिसतं गं," म्हणाली. आज ती माझ्याआधी गप्प झाली, आणि मीही फोन न ठेवता बसून राहिले.

१४ एप्रिल, मंगळवार

ताटल्या स्वच्छ. शंकासुरानं सही केली. पेटी दवाखान्यात गेली. नेताना पहिलवान पेटीबरोबर गाडीपर्यंत चालत गेला, जणू पाहुण्याला पोचवायला.

१६ एप्रिल, गुरुवार

आज पीटीच्या बाईंना दिलं.

आम्हाला तिथं जायची परवानगी नाही. डॉक्टरांनी फोन करायचं कबूल केलं होतं. आम्ही चौघं मोठ्या मॅडमच्या खोलीत बसलो, फोन टेबलावर. कुणाच्या हातून काही काम होईना. मी मॅडमचा कागद दाबायचा दगड मुठीत धरून बसले होते, आणि शंकासुरानं तो बघून नजर पुन्हा फोनकडे वळवली. उलट्या सुरू झाल्या तर? अंगावर पुरळ उठली तर? गाठीचं काय होतं ते कळायला महिने जातील, ते मला माहीत आहे. आज फक्त एवढंच कळणार होतं की आमच्या गोळीनं त्यांना वाटेत छळलं की नाही.

फोन वाजला तेव्हा दिवस कलला होता. मॅडमनी आवाज मोठा केला.

डॉक्टर म्हणाले, "दिलं. पूर्ण बाटली. उलटी नाही, मळमळ नाही, रक्तदाब व्यवस्थित. मध्येच खाऊन घेतलं त्यांनी."

"काही तक्रार?" शंकासुरानं विचारलं.

"एक आहे," डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळे ताठ झालो. "तीन तास नुसतं पडून राहायचं म्हणजे काय, कंटाळा आला म्हणाल्या. पुढच्या खेपेला पुस्तक आणणार आहेत."

पहिलवान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडम चष्मा पुसायला लागल्या. शंकासूर पहिल्यांदा हसला, आणि हसताना तो अगदी वेगळा माणूस दिसतो. मी तर रडलेच, सरळ, सगळ्यांसमोर. कंटाळा! मागच्या खेपेला पाण्याच्या वासानं कोसळणारी बाई तीन तास पडल्या पडल्या कंटाळली.

डॉक्टर म्हणत होते, "आत्ताच गेल्या. नवरा दारात गाडी घेऊन उभा होता, पण म्हणाल्या कोपऱ्यापर्यंत चालते, तिथं ये. तो हळूहळू गाडी चालवत त्यांच्या मागे. खिडकीतून दिसताहेत मला अजून."

"कशा चालताहेत?" मी विचारलं.

"भराभर," डॉक्टर म्हणाले. "तोच मागे पडतोय."